सरुबाईंचे डोळे उघडायचे आहेत

नाही हो, उठू नका. बसा तुम्ही त्या खुर्चीतच, रिकामीच आहे ती. मी स्टुलावर बरा, त्या खुर्चीत बसलं की माझे गुडघे टेबलाला लागतात. पाच मिनिटं द्या, संभाजीराव — पुण्यातली पाच नाही, घड्याळातली पाच. आईंचे डोळे तेवढे उघडायचे ना? बास! बाकी फोटो काय झकास आलाय बघा. मांडीवर पणतू, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर बारशाचं सगळं कौतुक — आणि नेमकं मी बटण दाबायला आणि सरुबाईंनी डोळे मिटायला एकच गाठ पडली. दुसऱ्या फोटोत त्यांचे डोळे टक्क उघडे आहेत, तर पणतवानं भोकाड पसरलंय. मग काय करायचं? त्या फोटोतले डोळे उचलायचे आणि ह्या फोटोत आणून ठेवायचे. हाय काय अन् नाय काय! संध्याकाळी मांजरी गावात आईंच्या पंचाहत्तरीच्या मांडवात मोठी फ्रेम दाराशीच लागेल, आणि सरुबाई प्रत्येक पाहुण्याकडे बघत असतील. तर आता हे इथं असं दाबलं, की —

टुंग.

नाही, हे असं होत नाही खरं. थांबा हं. इथं दाबू. — टुंग. इथं? — टुंग. आणि ह्या वरच्या यादीतली सगळी अक्षरं अशी करडी का पडलीत? काळी असतात ती, काळी असली की काम करतात. करडी म्हणजे — म्हणजे संपावर. अहो, सॉफ्टवेअर एकदम ओरिजिनल आहे, तशी शंकाच घेऊ नका. म्हणजे ज्याच्याकडून सीडी आणली त्याच्याकडं ओरिजिनल होतं. आणि मी काय आजचा आहे का ह्या धंद्यात? वडिलांच्या वेळेपासून हडपसरच्या गाडीतळावर हा स्टुडिओ आहे. आता मगरपट्ट्यातली आयटीची पोरं व्हिसाच्या फोटोला इथंच येतात, मागं पांढरं पाहिजे, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही — अमेरिकेला जायचंय आणि हसायचं नाही, घ्या! सगळं ह्याच मशीनवर होतं. कोण करतं म्हणजे? मीच. म्हणजे आमच्याकडंच होतं.

काय? कोपऱ्यात? कुठं, पदराच्या काठाजवळ? ते बारीक चौकोन काही नाही हो, काचेवर धूळ असेल. — धूळ चौकोनी नसते, हेही खरंच. नजर चांगली आहे तुमची, चष्मा नाही लागला अजून? बंद करून पुन्हा चालू करू म्हणता? नको! नको नको, हात नका लावू त्याला. बंद केलं की मधलं सगळं जातं. कसलं मधलं? असतं हो काहीतरी. सकाळी थोडं काम केलं होतं मी, ते जाईल. तुमच्या फोटोचं नाही… म्हणजे तुमच्याच फोटोवर, पण तुमचं नाही. जाऊ द्या. चहा घेणार? मागवतो.

रात्री मॉनिटर झाकतो त्या शालीकडं बघताय होय? भारी आहे ना? सत्काराची. आमच्या व्यापारी मंडळानं केला — ‘डिजिटल छायाकलेतले जादूगार’ — हसू नका, तसंच लिहिलं होतं बॅनरवर. शाल, नारळ आणि माईक. आता माईक हातात आला की माणसाचं काय होतं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ग्रामपंचायतीत होता. मी सगळ्यांचे आभार मानले. वडिलांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, कागद पुरवतो त्याचे मानले, तो चहावाला समोर उभा होता, त्याचे मानले. टाळ्या काय पडल्या! आणि दीपाली — आमची ही — तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर माझी बॅग घेऊन. घरी आल्या आल्या पाठ करून झोपली. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या केल्या तिनं. काय वास सुटला होता! म्हटलं, वा, मिटलं. तर सगळ्या वड्या डब्यात भरल्या आणि डबा घेऊन वारज्याला माहेरी गेली. शाल मला ठेवली आणि नारळ घेऊन गेली. म्हणाली दोन दिवसांनी येते. झाले की दोन दिवस. चांगले चार-पाचदा झाले.

तसं काही नाही हो, भांडण नाहीच. भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणाली, ‘मशीन आहेच, तुम्ही जादूगार आहात, करा.’ केलं की! पासपोर्टचे केले… त्यातली एक मुलगी परत आली म्हणा, तिचा एक कान गेला होता. पण तुम्हाला सांगतो, दीपालीचं कसं आहे, डोळे लावायचे तर ती त्याच माणसाचे, दुसऱ्या फोटोतले शोधते. माझ्या मनात आलं होतं, कुणाचेही लावावेत, डोळे ते डोळे. तर म्हणते, दुसऱ्याचे डोळे लावले की माणूस घरच्यांकडं बघतच नाही, भलतीकडंच बघतो. त्या दुसऱ्या फोटोसाठी अर्धा दिवस बसायची, तिथं, त्या खुर्चीत, उशी पाठीला लावून. आणि सगळं झालं की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव टाकायची. ‘अनिरुद्ध, हडपसर’. प्रत्येक फोटोवर. तिनं स्वतः टाइप करून. एवढी वर्षं मी ते वाचत होतो आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आहे की नाही कमाल?

करमत नाही हो, संभाजीराव. खोटं कशाला बोलू. शटर उघडावंसं वाटत नाही.

आता कुणाला फोन करा म्हणता? तिला? आणि सांगू काय, जादूगाराला डोळे उघडता येईनात? नाक कापून हातात देईल. — ते तुमच्या आईंचं ठीक आहे, मंडप घातलाय, पाहुणे येणार, सगळं मान्य. पण… बरं. बरं, लावतो. तुमच्यासाठी लावतो हं, माझं काही नाही. वाजतंय. उचलणार नाही बघा ती —

हॅलो. मी. मी म्हणजे मीच, अनिरुद्ध. हो, जेवलो. नाही, ते… अगं, गिऱ्हाईक बसलंय, मांजरीचे संभाजीराव, त्यांच्या आईंचे डोळे. मशीन ऐकत नाहीये. टुंग टुंग करतंय नुसतं. यादी? करडी. सगळी करडी. काय म्हणतेस, काही अर्धवट राहिलंय का? नाही. नाही बा. — अहो, तुम्ही मध्ये कशाला बोलताय, ‘कोपऱ्यात चौकोन आहे वहिनी’ म्हणून! — हो. हो गं, आहे एक. कोपऱ्यात. बारीक.

ती म्हणते, अर्धवट ठेवलेलं आधी पुरं करा, नाहीतर सोडून द्या. तोवर मशीन दुसऱ्या कशालाही हात लावू देत नाही. एंटर दाबलं की ते राहतं, एस्केप दाबलं की जातं. एवढंच! मघापासून ह्यावर घाम गाळतोय मी.

काय? काय अर्धवट ठेवलंय? …नाव टाकत होतो. कोपऱ्यात. माझं नाही. माझं तुला येतं टाकता, मला माझंही येत नाही. तुझं. मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत देव जाणे, म्हणून इंग्रजीत टाकलं. आधी आलं ते एवढं मोठ्ठं, सरुबाईंच्या तोंडावरून थेट पणतवाच्या टाळूपर्यंत. मग ओढून ओढून बारीक करत बसलो, तेवढ्यात हे आले, आणि ते तसंच राहिलं. पांढऱ्यावर पांढरं आहे, दिसत नाही नीट. पण आहे.

हॅलो?

हॅलो… दीपाली? एंटर दाबू, का एस्केप? अगं, बोल ना. त्या दिवशी माईकवर राहिलं ते राहिलंच, मी गाढव आहे, हे मी संभाजीरावांच्या समोर सांगतोय, तेही ऐकताहेत. तू सांगशील ते दाबतो.

…बरं. दाबलं.

काळी झाली! संभाजीराव, बघा, यादी झाली काळी सगळी! — तुम्हाला काय होतंय आता? आईंच्या फोटोवर नाव कसलं म्हणून? राहील एका कोपऱ्यात, पदराच्या काठाला. — हं, बोल. हो. नाही, लावत नाही. बोटसुद्धा लावत नाही. ये. रिक्षा कर, बसची वाट बघू नको. अगं, आणि वड्या उरल्यात का? — नाहीत. बरं, नसू देत.

निघाली. म्हणते, आजींच्या डोळ्यांना तुम्ही हात लावू नका, मी येऊन लावते. संध्याकाळच्या आत फ्रेम तुमच्या मांडवात, काळजीच नको. तुम्ही जा, समोर चहा घ्या, माझ्या नावावर सांगा. अहो, उठा आता, उठा लवकर — आणि ती उशी होती तशी ठेवा. खुर्ची तिची आहे.