चरबी जाऊ द्या, स्नायू जपा!

...नाही, नाही, अभिनंदन नका करू, हात जोडतो तुम्हाला! ज्याला त्याला तेच. जिन्यात भेटले की, 'वा, काय बारीक झालात हो!' दुकानात आले की, 'अहो, ओळखलंच नाही!' घड्याळ द्यायला आलायत ना? मग घड्याळ द्या आणि जा! माझ्या पोटाकडे काय बघता? पण तोंडावर कसं बोलणार, गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक. मी हसतो आणि मशीन उघडून बसतो.

पंचवीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. दिवसभर खुर्चीत, आणि उचलायचं काय, तर बोटभर स्क्रूड्रायव्हर! पोट सुटणार नाही तर काय होणार? डॉक्टर म्हणाले, 'साखर काठावर आलीय, वजन उतरवा.' उतरवा म्हणाले, कसं ते नाही सांगितलं. मग मी माझ्या अकलेने उतरवलं. सकाळी काकडी, दुपारी काकडी, रात्री काकडीकडे बघून पाणी! दोन महिन्यांत नऊ किलो. बायकोने आरशासमोर उभं केलं, शेजाऱ्यांनी कौतुक केलं, मी पट्ट्याला खिळ्याने दोन नवीन भोकं पाडली. तरंगत होतो म्हणा ना!

आणि एका सकाळी आप्पांना उचलायला गेलो. आप्पा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपासून त्यांचे पाय चालत नाहीत, त्यामुळे पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, सगळं माझ्या हातांवर. नेहमीसारखे काखेत हात घातले, एक, दोन, तीन... आणि तीनला माझेच गुडघे गेले! मी खाली, आप्पा माझ्यावर. लागलं नाही, नशीब! आप्पा जन्मभराचे शिंपी, माझ्या छातीवर बसल्या बसल्या दंड चाचपला आणि म्हणतात, 'अरे, तुझं कापड आकसलंय.'

झालं! बायकोने ताईला सांगितलं आणि ताईचा फोन. माझी ताई फोनवर बोलत नाही, हुकूम सोडते. 'हे बघ, पुन्हा एकदा जरी पडले ना, तर मी येऊन त्यांना संस्थेत ठेवीन. तिथे माणसं असतात उचलायला.' आप्पांनी ऐकलं सगळं. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाले, 'मला परक्यांनी उचलायला नको रे.' आता सांगा, मी काय करायचं होतं?

गेलो व्यायामशाळेत. तिथे शिकवायला एक बाई. सगळे त्यांना सेनापती म्हणतात, अर्थात त्या पाठमोऱ्या असताना. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. 'दादा, उपाशी राहिलात ना? मग शरीराने चरबी खाल्ली आणि जोडीला तुमचे दंड आणि मांड्याही खाल्ल्या!' म्हणजे नऊ किलोंत अर्धा मीच गेलो होतो! मग म्हणाल्या, 'जेवण जरासंच कमी, पण प्रत्येक वेळी ताटात प्रोटीन. अंडी, डाळ, दही. आठवड्यातून तीनदा वजनं उचला, तीही जड. आणि रोज म्हणा, चरबी जाऊ द्या, स्नायू जपा!'

म्हणायला काय जातं हो? मी म्हणायला लागलो. लोखंड उचलताना, 'दादा, पाठ! पाठ सरळ! श्वास सोडा, धरून काय ठेवताय?' आणि मी आपला, चरबी जाऊ द्या, स्नायू जपा... पहिल्या आठवड्यात मला दात घासायला हात वर नेता येईना. मान खाली आणून ब्रश गाठायचो!

आप्पांना मात्र कोण उत्साह! दर रविवारी गादीखालून टेप काढायचे. 'उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची पोटं बघितलीत. कंबर अर्धा इंच कमी. दंड जसाच्या तसा. बरोबर चाललंय.' बायको पहाटेच कामावर जाते, त्यामुळे न्याहारीला आम्ही दोघंच. प्रत्येकाला दोन अंडी आणि वाटीभर दही. आप्पा एक अंडं कसंबसं खायचे आणि दुसरं माझ्या ताटात सरकवायचे. 'खा. मला आता कुठे दंड दाखवायचेत?' मग दहीही सरकवायचे. मग पहिलं अंडंही अर्धं. आणि मी...

मी खाल्लं हो. सहा महिने खाल्लं. वाटायचं, बसल्या जागी म्हाताऱ्या माणसाला लागतं कितीसं? आणि सेनापती बजावतायत ना, चरबी जाऊ द्या, स्नायू जपा!

मग एक दिवस मी आप्पांना उचललं, ते एक-दोन-तीन न म्हणताच. अलगद! खुर्चीत ठेवलं आणि माझं मलाच कळेना. धावत व्यायामशाळेत गेलो. 'बाई, जमलं! परवा इथे साठ किलो उचलले आणि आज वडील! काहीसुद्धा वाटलं नाही!' सेनापती पहिल्यांदा हसल्या. मग हसायच्या थांबल्या. 'दादा, त्यांचं वजन किती?' म्हटलं, 'अठ्ठावन्न.' 'कधी केलं होतं?' मी बोटांवर महिने मोजायला लागलो. 'आज घरी गेल्यावर करा,' म्हणाल्या.

उभं न राहता येणाऱ्या माणसाचं वजन कसं करतात माहितीये? त्यांना उचलून घ्यायचं आणि आपण काट्यावर उभं राहायचं. एकशे बारा. त्यांना निजवलं, एकटा उभा राहिलो. एकाहत्तर. करा वजाबाकी... एक्केचाळीस! मी तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. एक्केचाळीस. मी इकडे दंड जपत बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप सतरा किलोंनी संपला होता. त्यांच्याच तोंडचा घास खाऊन मी त्यांना उचलायची ताकद कमवत होतो! आप्पा विचारतात, 'किती रे भरलो?' मी म्हटलं, 'पंचावन्न.' ते म्हणाले, 'शाबास तुझी.' मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

आता रोज मी समोर बसतो, अंडं कुस्करून, चमच्याने. 'आप्पा, एवढा एकच.' तोंड फिरवतात. 'आप्पा, स्नायू जपायचे ना?' तर म्हणतात, 'तुझे जप.' डॉक्टर म्हणाले, जाईल तेवढं द्या, पण या वयात गेलेलं परत येणं अवघड. ताईला सांगितलं. मला वाटलं, फाडून खाईल. पण ती फोनवर नुसती रडली. संस्थेचं नाव काढलं नाही. काढणार कशाला, पडायची भीतीच राहिली नाही आता. आज एकोणचाळीस आहेत.

व्यायामशाळेत जातोच मी, सोडलेली नाही. सेनापतींनी पासष्टवर नेलंय. पण खरी कसरत सकाळची. काखेत हात घालतो, उचलतो आणि आप्पा कानाशी विचारतात, 'जड होतोय का रे तुला?' काय सांगू त्यांना? 'होताय म्हणजे? कंबर मोडली माझी! जरा कमी खात जा!' म्हणतो, आणि खुर्चीपर्यंतच्या दोन पावलांत मुद्दाम धडपडतो. तेवढ्यानेच खूश होतात हो, गालातल्या गालात हसतात. काय करणार... पासष्ट किलो उचलतो मी, आणि रोज सकाळी एकोणचाळीस किलोंना धापा टाकतो.