जमिनीलगतची पानं

‘एकदा ये,’ असं मित्राचं पत्र आलं, त्याला वर्ष झालं. आता कुठल्या तोंडानं लिहायचं? म्हातारे ग्रंथपाल नुसता पत्ता घातलेलं कार्ड घेऊन पोस्टाच्या रांगेत उभे होते. पुढे कुंडी घेतलेली सून आणि तिची सासू.

“दोन वर्षं नुसती बुडाशी पानं, आई. हे कोबी म्हणून चिडवायचे.”

“मग उपटली का नाहीस?”

“हिरवीगार होती. कशी उपटू?”

“आणि आज मधून दांडा, कळीसकट.”

“वन्संना दाखवणार. त्याच म्हणाल्या होत्या, फेकून दे.”

“फार मिरवू नकोस. माझी लेक आहे ती.”

“बरं.”

“आण ती कुंडी. मीच दाखवते.”

ग्रंथपालांनी कार्डावर ‘रविवारी येतो’ एवढंच लिहिलं आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.