मावशीची डिजिटल अटक

आता काय सांगायचं तुम्हाला. आर्थिक गुन्ह्यांवर अहवाल लिहिणारा मी, आणि ‘डिजिटल अटक’ झाली ती माझ्याच बार्शीच्या मावशीला. खोट्या पोलिसानं व्हिडिओ कॉलवर दम भरला, "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही."

मावशीनं फोन डब्याला टेकवला आणि समोरच उखळात शेंगाचटणी कुटायला बसली. तो खात्याचा नंबर विचारतोय, ही धाडधाड कुटतेय.

"आधी तो आवाज बंद करा."

"थांबा की सायेब. निम्म्यात सोडली तर तेल सुटत न्हाय."

तासाभरानं त्यानंच फोन ठेवला.

हे ऐकून मी आधी विचारलं, "मावशी, त्याला काही सांगितलं नाहीस ना?"

"सांगितलं की. लसूण किती घालायचा ते. लई मनापासून इचारत हुता."