ऐब आधी सांगायचा

(२०२२ सालची गोष्ट, दिवाळी होऊन गेली होती. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि जवळा बाजारच्या बैलबाजारातले जुने दलाल खाजा मिया घरी बसले. दुसऱ्या दिवशी वसमत रस्त्यावरच्या हळदीच्या नव्या गोदामात, गेटवर शेतकऱ्यांशी बोलणी करायच्या नोकरीसाठी त्यांची मुलाखत होती. ओसरीवर ते, त्यांची बीवी नजमा आणि वसमतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी पुतणी समरीन, असे तिघे बसलेले.)

समरीन: पुन्हा एकदा. आत गेलात, बसलात, साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. काय सांगणार?

खाजा मिया: सांगितलं न आत्ताच.

समरीन: तुम्ही नाव सांगितलंत, मग तुमच्या अब्बाजानचं नाव, मग त्यांच्या उस्तादाचं, मग आपलं घर मशिदीच्या कोणत्या बाजूला ते. साहेबांना आपल्या घरी नाही यायचं, बडे अब्बा.

नजमा: आले तर चहा करू.

खाजा मिया: वळख अशीच सांगतेत बेटा. माणूस कोणाचा ते कळलं की बाकीचं सांगावं लागत न्हाई.

समरीन: जवळा बाजारात नाही लागत. साहेब पुण्याकडचे आहेत, नवीन आहेत. आणि मराठीतच बोला, घरी आपण कसंही बोलतो.

खाजा मिया: उभा जन्म बाजारात मराठीच बोललो. बैलांशी बी.

समरीन: मग सुरू करा.

खाजा मिया: माझं नाव खाजा मिया. ऱ्हायला जवळा बाजार. बैलांची दलाली केली. औंढ्यापासून कुरुंद्यापर्यंत शेतकरी वळखतेत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, थंडीत गुडघा धरतो, अन्...

समरीन: थांबा, थांबा. हे कुणी विचारलं?

खाजा मिया: विचारायची वाट काहून बघायची? ऐब आधी सांगायचा. बैल मारका असंल, पाण्याला बुजत असंल, जू ओढताना खांदा चोरत असंल, ते पहिलं सांगायचं. मग रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव. न सांगता इकला तर आठ दिवसांत बैल परत, अन् दलालाकडं पुन्हा कुणी येत न्हाई.

नजमा: म्हंजे आठ दिवसांनी तुमाला परत आणायला मी जायचं का तिकडं?

समरीन: ऐब ते स्वतःच विचारतील. तुमच्यातली एखादी कमतरता सांगा, असा प्रश्न असतोच.

खाजा मिया: बघ. म्हंजे त्यांच्यात बी रिवाज हाय.

समरीन: तसा नाही. तिथं खरी कमतरता सांगायची नसते. म्हणायचं, हाती घेतलेलं काम पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

खाजा मिया: ही कमतरता हाय?

समरीन: नाही.

खाजा मिया: मग साहेबाला कळत नसंल का?

समरीन: कळतं.

खाजा मिया: त्याला ठावं, मला ठावं, तरी म्हणायचं.

समरीन: हो. मुलाखतीला जाते तेव्हा मी पण म्हणते. आरशासमोर म्हणून म्हणून आता माझं नावसुद्धा दुसऱ्या कुणाचं वाटतं मला. पण तसंच असतं ते.

नजमा: माझ्या लग्नात माझी अम्मी म्हणली हुती, पोरगी जरा कमी बोलते, तेवढीच खोट.

खाजा मिया: अन् मी परत न्हाई केली, ध्यानात ठेव.

समरीन: वय काय सांगणार?

खाजा मिया: एकसष्ट.

समरीन: आधारवर पंचावन्न आहे. एक जानेवारी सदुसष्ट.

खाजा मिया: ते आधारवाल्यानं लिवलं. आपल्या गल्लीत सगळे एक जानेवारीलाच जन्मले.

समरीन: अठ्ठावन्नच्या वर घेत नाहीत ते. कागद पंचावन्न म्हणतो, तुम्ही पंचावन्न म्हणा. कुणी तपासत नाही.

खाजा मिया: बैलासारखे दात बघितले तर?

नजमा: दात ऱ्हायलेत कुठं.

समरीन: बडी अम्मी, तुम्ही हसवू नका त्यांना. उद्या हे तिथं हसले तर?

नजमा: मी कुठं हसवून राहिले. मला सांग, अबूबकरचा फोन आला हुता न तुला?

समरीन: आला होता. महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. सामान बांधून ठेवा म्हणाला.

नजमा: नोकरी लागली तर टेम्पो येणार न्हाई. एवढं त्यानं कबूल केलंय. न लागली तर संभाजीनगरला, चौथ्या मजल्यावर. पोरगं चांगलं हाय माझं. नाहिद बी चांगली सून हाय. पण तिचं घर हाय ते. डबे कुठं ठेवायचे ते तिनं ठरवलेलं. म्या तिथं जाऊन साखर कुठंय म्हणून विचारायचं, या वयात.

खाजा मिया: हे सगळं मला ठावं हाय, नजमा.

नजमा: ठावं हाय म्हणूनच सांगून राहिले. लग्न होऊन आले तवापासून कधी काही मागितलं न्हाई तुमच्याकडं. साडी न्हाई, दागिना न्हाई. उद्याच्या दिवस तेवढा ऐब घरी ठेवून जा.

खाजा मिया: बराबर.

समरीन: मग पुन्हा एकदा?

खाजा मिया: माझं नाव खाजा मिया. ऱ्हायला जवळा बाजार. वय पंचावन्न.

* * *

समरीन: दिवसभर फोन लावतेय तुम्हाला. सकाळी गेलात ते आत्ता दिवेलागणीला आलात. काय झालं मुलाखतीत?

खाजा मिया: झाली. चांगली झाली. तू सांगितलं तसं सगळं बोललो. वय पंचावन्न बोललो. कमतरता विचारली, तवा ते चैन पडत न्हाई बोललो.

समरीन: मग?

खाजा मिया: साहेब हसला. लेकरूच हाय ते, अबूबकरपेक्षा वयानं बारीक. म्हणला, काका, सकाळपासून तुमी चौथे.

समरीन: अरेरे.

खाजा मिया: पण राग न्हाई केला. गावं विचारली, कुठल्या गावात कोणाचा शब्द चालतो ते विचारलं. तासभर बोलून राहिलो. म्हणला, आमाला असाच माणूस पाहिजे, शेतकरी आमच्याशी बोलतच न्हाईत. आठ दिवसांत फोन येईल म्हणला.

समरीन: म्हणजे झालंच की. बडी अम्मी, झालं.

नजमा: न्हाई झालं. मला त्यांचं तोंड दिसतंय. पुढं सांगा.

खाजा मिया: गेटपर्यंत आलो. ते आठ दिवस डोक्यातून जाईनात. म्हणलं, नोकरी लागली तरी मी रोज त्या गेटवर उभा राहणार, अन् रोज वाटणार, आज कुणाला तरी कळंल, आज परत करतील. तिथं येणार कोण? माझेच शेतकरी. माझ्याकडून बैल नेलेले. माझं वय त्यांना ठावं हाय.

नजमा: मग तुमी परत आत गेलात.

खाजा मिया: गेलो. म्हणलं, साहेब, कागद पंचावन्न म्हणतो, मी एकसष्टचा हाय. अन् डावा कान सांगितला.

समरीन: काय म्हणाले ते?

खाजा मिया: माझा कागद पुन्हा बघितला. मग म्हणला, काका, मला काहून सांगितलं? मी विचारलं हुतं का? आता ऐकल्यावर मी काय करू?

नजमा: लेकराला अवघडात टाकलं तुमी.

खाजा मिया: व्हय. पाणी मागवलं त्यानं. एक गिलास मला, एक त्याला.

समरीन: मी बोलू का त्यांच्याशी? ऐकण्यात चूक झाली असं सांगते. कमी ऐकू येतं, हे तर खरंच आहे.

खाजा मिया: नको बेटा. लई तकलीफ घेतली तू.

समरीन: मग एवढा वेळ कुठं होतात?

खाजा मिया: बाजारतळावर. आज बाजार न्हाई, मोकळाच हुता. बसलो.

नजमा: घरी यायचं भ्या वाटलं म्हणा.

खाजा मिया: तसं म्हण. काही बोल न, नजमा. शिव्या दे.

नजमा: काय बोलू. रातभर तुमी झोपेत पंचावन्न, पंचावन्न म्हणून राहिले हुते. मला तवाच कळलं. नोकरी गेली त्याचं काही न्हाई. म्या मागितलं हुतं, त्याचं हाय.

खाजा मिया: मला ठावं हाय.

नजमा: ठावं असून परत आत गेलात.

खाजा मिया: गेलो.

नजमा: हात-पाय धुवा. भाकर गार झाली. समरीन, अबूबकरला फोन लाव. म्हणावं टेम्पो मोठा आण, पलंग न्यायचा हाय.

* * *

समरीन: बडी अम्मी, मी नांदेडहून. आवाज येतोय?

नजमा: येतो, येतो. थांब, गॅस बंद करते. हं, बोल. तुझं काम कसं हाय?

समरीन: चालू आहे. आता मीच समोरच्या खुर्चीवर बसते. मुलाखतीला पोरं येतात आणि तेच वाक्य म्हणतात. मी पण लिहून घेते.

नजमा: लिवून घे बाई.

समरीन: त्या गोदामातल्या जागेवर एक पोरगा लागला होता. हंगाम संपायच्या आत सोडून गेला म्हणे. साहेब पुण्याला परत गेले.

नजमा: हे ह्यांना सांगू नको. त्या साहेबाला दुवा देतेत अजून.

समरीन: बरे आहेत का बडे अब्बा?

नजमा: बरे हायत. भाजीबाजारात जाऊन बसतेत. घ्यायचं काही नसतं. परवा एका माणसाला ह्यांनी सांगून टाकलं, ही कोबी आतून किडकी हाय. दुकानदारानं उठवलं.

समरीन: आणि जवळ्याचं घर?

नजमा: बियाणंवाल्याला भाड्यानं दिलं. अबूबकर जाऊन येतो. म्या गेले न्हाई.

समरीन: बोलता का आता त्यांच्याशी?

नजमा: आल्यावर पहिला हिवाळा न्हाई बोलले. मग बोलले. दुसरं हाय कोण इथं. नाहिद कामावर जाते. साखरेचा डबा तिनं माझ्या हाताशी ठेवला, म्या काही न म्हणता. खरं ते सांगावं.

समरीन: शेजारी कसे आहेत?

नजमा: चांगले असतील. दोन वर्षं झाली. तुमी कोण, कुठल्या, म्हणून कुणी विचारलं न्हाई अजून.

समरीन: विचारलं तर काय सांगाल?

नजमा: काय की बाई. स्वतःबद्दल काय सांगायचं ते तू त्यांना शिकवलं. मला कुणी शिकवलंच न्हाई.