दुसरं इंजिन

एकोणीसशे ब्याऐंशी साली एका छोट्या विमानतळावर दोन जावा बसल्या होत्या. दोघींचे नवरे एकाच मालकाचे वैमानिक. नवं, दोन इंजिनांचं, पंख्यांचं विमान धाकटीच्या नवऱ्याला मिळालं होतं; थोरलीच्या नवऱ्याकडे अजून जुनं, एका इंजिनाचंच होतं. शेजारी विणत बसलेल्या एका अनोळखी बाईंच्या सुया त्यांचं बोलणं ऐकायला थांबल्या.

"जाऊबाई, एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरता येतं म्हणे."

"म्हणजे एकाचा भरवसा नाही. आमचं एकटंच इमानाने चालतं."

"ढगांवरून जातं, हादरे नाहीत. आखूड धावपट्टीही चालते."

"कौतुक पुरे गं. हे उडाले की तुला झोप लागते?"

"आता लागते. तुम्हाला?"

"मला कशाला लागतेय."

पुढे थोरलीच्या नवऱ्यालाही तसंच विमान मिळालं. थोरली निवांत झोपू लागली, धाकटीच्या नवऱ्याला जेट मिळाल्याचं कळेपर्यंत.