पूजेतलं काडतूस

माझं आमच्या घरात कुणी खरं मानलंय का कधी? कुरुळीच्या शेतात हरणं भुईमूग खायची, कधी सांबरही यायचं. नवऱ्यानं आणि कंपनीत कामाला असलेल्या दिरानं आठ दिवस वाद घालून दोन्ही जनावरांना चालेल अशा एकाच जातीचं काडतूस निवडलं. दसऱ्याला ती काडतुसं घरातल्या बंदुकीपुढं पूजेला मांडून नवरा तांब्यातलं पाणी शिंपडायला लागला.

“अहो, पुठ्ठ्याची हायेत ती, फुगतील!”

“शेवंते, देवाच्या कामात तोंड घालू नको.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच सांबर आलं. काडतूस काही नळीत जाईना. दीर अंगठ्यानं दाबतोय आणि सांबर निवांत शेंगा खातंय.

“दादा, हे फुगलंय की!”

“फुगणारच. काल अपशकुनी बोललं ना कुणीतरी घरात!”

“कोण?”

“दुसरं कोण? शेवंता!”