गॅस प्यायलेली भुकटी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझे दीर चंद्रपूरहून आले अन् हातातली पिशवी त्यांनी माझ्या बाळंतपणाच्या खाटेखाली सरकवली. पिशवीत पोलादी बाटली होती. ते कॉलेजात कसल्याशा भुकटीवर संशोधन करतात.

“भाऊजी, बाटलीत काय आहे?”

“मॅग्नेशियम-निकेलची भुकटी. हायड्रोजन गॅस पिऊन बसली आहे, वहिनी.”

“मंग तो गॅस बाहेर कसा येते?”

“गार आहे तवरीक भुकटी सोडत नाई. निखाऱ्यावर तापली का सोडते.”

तेवढ्यात सासूबाई शेकासाठी निखाऱ्यांची शेगडी घेऊन खाटेखाली वाकल्या. मी पोरीला उचललं, भाऊजींनी पिशवी ओढली.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “ती जागा शेगडीची आहे रे. तुझी भुकटी गुरांच्या कोठ्यात ठेव.”

बायांनो, शेगडी सरकवण्याआधी खाटेखाली पाहत जा, अन् शेजारणीलाही सांगा.